नवाकोरा ॲनोड आणि खड्डे पडलेला ड्राइव्ह

करलीकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, बोटवाले इथे किती आहेत माहीत नाही, पण रसायनशास्त्रवाले नक्की आहेत. म्हणून विचारतो.

देवबागला माझी आणि मेव्हण्याची भागीदारीतली एक जुनी स्पीडबोट आहे. आमच्या आजूबाजूला सगळे आउटबोर्डवाले (इंजिन मागे बाहेर टांगलेलं), आमचीच तेवढी स्टर्नड्राइव्ह. म्हणजे इंजिन बोटीच्या पोटात, मागच्या फळीतून आरपार बाहेर आलेला ॲल्युमिनियमचा पाय (हाच ड्राइव्ह) आणि त्याच्या टोकाला पंखा. गेल्या दिवाळीला तिला दोन नवे झिंक, म्हणजे ड्राइव्ह गंजू नये म्हणून लावतात ते जस्ताचे ॲनोड, बसवून घेतले. एक पंख्याच्या वर असतो तो माशाच्या परासारखा ट्रिम टॅब, आणि दुसरी पट्टी, ड्राइव्ह फळीला जिथे जोडतो त्याच्या खाली. मे महिन्यात बोट वर काढली तेव्हा दोन्ही नवेकोरे! टॅबवरचे छापलेले आकडेसुद्धा वाचता येत होते. मेव्हण्याला म्हटलं, बघ, पैसे वसूल.

गणपतीनंतर शेवाळ आणि शिंपले खरवडायला बसलो तर रंगाखाली फोड. नखाने टोकरलं तर पांढरी पूड भुरभुर गळाली आणि आत मसुराच्या डाळीएवढा खड्डा. असे 22 मोजले. बहुतेक सगळे वरच्या भागात, रबरी बेलोच्या (ड्राइव्ह आणि फळी यांच्यामधल्या घड्यांच्या नळीच्या) आसपास. लांबी भरली, रंग मारला, झिंक चांगलेच होते म्हणून तेच ठेवले आणि बोट पुन्हा पाण्यात घातली.

पण प्रश्न डोक्यातून जात नाही. ॲनोड इतका छान टिकला, तर ड्राइव्ह का सडला?

टवाळ_तुक्या

ॲनोड सरकारी नोकरीत असणार. हजर होता, काम करत नव्हता.

निवृत्त_रसायन

तुक्याने गमतीत बरोबर उत्तर दिलं आहे. ॲनोड टिकला ही आनंदाची गोष्ट नाही, तीच तक्रार आहे. चंदनाचं खोड झिजलं नाही तर गंध कुठून येणार?

थोडं मुळापासून सांगतो. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडलेले, की तो एक विद्युत घट होतो. त्यातला जास्त सक्रिय धातू विरघळतो आणि दुसरा शाबूत राहतो. तुमच्या ड्राइव्हचं ॲल्युमिनियम आणि पंख्याचा किंवा शाफ्टचा स्टेनलेस यांच्यात ॲल्युमिनियम हरतं. म्हणून त्याहून सक्रिय असा तिसरा गडी आणून बसवायचा. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत जस्त साधारण उणे 1.03 व्होल्टला असतं, ॲल्युमिनियमचं ड्राइव्ह उणे पाऊण व्होल्टच्या आसपास, आणि निवांत बसलेलं स्टेनलेस शून्याच्या जवळ. जस्त विरघळताना जे इलेक्ट्रॉन सोडतं, ते ड्राइव्हचा व्होल्टेज खाली खेचतात आणि ड्राइव्हचं विरघळणं थांबतं.

यासाठी दोन अटी आहेत. जस्त आणि ड्राइव्ह यांचा धातूला धातू संपर्क हवा. आणि दोघेही एकाच पाण्यात बुडलेले हवेत. तुमच्याकडे यातली एक अट मोडलेली आहे, नाहीतर दोन्ही.

मेधा_प

धागा वाचतेय. बोट नाही, पण घरी गिझर आहे. त्यात मेकॅनिक दर दोन वर्षांनी एक दांडा बदलतो आणि जुना दाखवतो, तो उसाच्या चोयट्यासारखा झालेला असतो. तो याच जातीचा का?

निवृत्त_रसायन

तोच. मॅग्नेशियमचा. टाकीचं पोलाद वाचवायला.

भाषाशुद्धी

कृपया ॲनोड, ॲनोड करू नका. आपल्याकडे ‘धनाग्र’ हा सुरेख शब्द आहे. त्यागी धनाग्र!

निवृत्त_रसायन

शब्द सुरेख आहे, पण इथे चुकीचा आहे. विद्युत विलेपनात ॲनोड धन टोकाला असतो म्हणून धनाग्र म्हणणं ठीक. गॅल्व्हॅनिक घटात मात्र ॲनोड हे ऋण टोक असतं. तुमच्या हिशेबाने त्याला ‘ऋण असलेलं धनाग्र’ म्हणावं लागेल. ॲनोड म्हणजे जिथे ऑक्सिडीकरण होतं ते टोक, बस्स.

टवाळ_तुक्या

धनाग्र असून ऋणात. म्हणजे आमच्या सोसायटीचा खजिनदार.

दांडेश्वर

आमच्याकडे मच्छीमार बोटींवर कोण ॲनोड म्हणत नाय न् धनाग्र म्हणत नाय. झिंक. विषय संपलो. धागाकर्त्यानू, एक साधो प्रश्न. त्या पट्टीचो रंग कसलो हा?

करलीकाठचा

काळा. चकचकीत. ड्राइव्हला एकदम मॅच.

दांडेश्वर

झिंकाक रंग लायलास??? मगे ता झिजतला कसा, कप्पाळ!

करलीकाठचा

मी नाही हो. ज्याने बसवले त्याने सगळा ड्राइव्ह स्प्रे मारून चकाचक करून दिला. पट्टीवरूनही हात फिरवला. मला तर ते बघून बरंच वाटलं होतं. टॅबवर मात्र रंग नाही, तो राखाडीच आहे. मग तो का झिजला नाही?

चेसापीककर

रंगवलेला ॲनोड ही जगभरची कथा आहे. इथे अमेरिकेत मेरिलँडमध्ये दर वसंतात कोणीतरी अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणूनचा रंग) मारताना उत्साहाच्या भरात ॲनोडही रंगवतोच.

माझीही स्टर्नड्राइव्ह आहे, आणि चेसापीक उपसागराचं पाणी मचूळ. माझी कथा तुमच्या उलट. पहिल्या वर्षी सहा महिने टिकायला हवे ते झिंक सहा आठवड्यांत संपले. जेटीवर बोटीला किनाऱ्याची वीज जोडून ठेवायचो, चार्जर चालावा म्हणून. त्या केबलमधली अर्थिंगची हिरवी वायर शेजारच्या सगळ्या बोटींच्या अर्थिंगला जोडलेली असते. शेजारी एक पोलादी बोट उभी होती, आणि माझे बिचारे झिंक तिलाही पोसत होते! गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला आणि प्रकार थांबला. त्यातले डायोड ही बारीक डीसी गळती अडवतात, पण खरा बिघाड झाला तर अर्थिंगचा प्रवाह जाऊ देतात. अर्थिंगची वायर कापून टाकणं हा उपाय नव्हे. त्यात माणूस मरतो.

आणि तुमचे मचूळ पाणी असेल तर झिंक सोडा, ॲल्युमिनियमचे ॲनोड घ्या.

मेधा_प

ॲल्युमिनियम वाचवायला ॲल्युमिनियम? हे कसं काय?

प्लॅटफॉर्मवाला

मेधाताई, रास्त शंका. तो घरातल्या पातेल्याचा ॲल्युमिनियम नसतो. त्यात थोडं जस्त आणि चिमूटभर इंडियम मिसळतात. साध्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा धरतो आणि तो झोपी जातो. इंडियम तो पापुद्रा धरू देत नाही. मग हा मिश्रधातू उणे 1.1 व्होल्टच्या आसपास काम करतो, म्हणजे जस्ताच्याही खाली.

माझी नोकरी बॉम्बे हायच्या बाजूला गेली. तिथे प्लॅटफॉर्मच्या पोलादी पायांना पाण्याखाली असे ॲनोड वेल्ड केलेले असतात, एकेक काही शे किलोचा. जस्त तिथे परवडत नाही, वजनामुळे. किलोमागे जस्त 780 अँपिअर-तासांच्या आसपास चार्ज देतं, ॲल्युमिनियमचा ॲनोड जवळपास 2500. तिप्पट. तुमच्या टॅबला वजनाची चिंता नाही, पण टिकण्याच्या बाबतीत फरक पडतो.

फक्त मिसळ करू नका. एक जस्ताचा, एक ॲल्युमिनियमचा असं केलंत तर ॲल्युमिनियमवाला आधी जस्तालाच वाचवत बसेल.

तापोळ्याचा_पाहुणा

मिसळ कोल्हापूरची सोडून कुठलीच करू नये.

आमच्या मामेभावाच्या बोटी कोयनेच्या पाण्यात, म्हणजे तापोळ्याला. आउटबोर्ड आहेत, पण पाय ॲल्युमिनियमचाच. त्यावरच्या झिंकवर चुन्यासारखा पांढरा घट्ट थर बसायचा आणि झिंक तस्साच राहायचा. तिकडच्या मेकॅनिकचं म्हणणं, गोड्या पाण्यात गंज लागतच नाही.

प्लॅटफॉर्मवाला

लागतो, सावकाश. गोड्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही. समुद्राच्या पाण्याच्या मानाने त्याचा रोध शेकडो पट असू शकतो, आणि जस्ताचा जोर तेवढा पुरत नाही. वर तो थर बसला की जस्त कायमचं बधिर. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम लावायचं, ते उणे दीड व्होल्टच्या आसपास असतं.

पण मॅग्नेशियमवाली बोट तशीच उचलून समुद्रात घालू नका. तिथे ते धडाधड संपतं, आणि वर ड्राइव्हवर इतका जोर टाकतं की पृष्ठभागावर अल्कली तयार होऊन रंग फुग्यासारखा सुटतो. ॲल्युमिनियमला आम्ल सोसत नाही आणि अल्कलीही सोसत नाही, नाजूक प्रकृतीचा धातू. म्हणून संरक्षण कमी पडलं तरी नुकसान, जास्त झालं तरी नुकसान. ड्राइव्ह उणे 900 ते 1050 मिलिव्होल्टच्या पट्ट्यात राहिला की छान. उणे 1100 च्या पलीकडे गेला तर अति झालं.

बंदरावरचा_बाळू

आमचे आजोबा होडीला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचे. ना झिंक ना व्होल्ट. होडी 30 वर्षं टिकली.

दांडेश्वर

होडी लाकडाची होती रे बाळू.

इतिहासप्रेमी

अवांतर, पण राहवत नाही. ही कल्पना 200 वर्षांपूर्वीची आहे. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारलेले असत, आणि ते पत्रे समुद्रात झिजत. आरमाराने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीला विचारलं. त्याने 1824 मध्ये तांब्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून दाखवलं की तांबं झिजायचं थांबतं. प्रयोग शंभर टक्के यशस्वी! आणि जहाजं सपशेल नापास. कारण तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच त्यावर शंख-शिंपले बसत नव्हते. विरघळणं थांबल्यावर तळाला शेवाळाची बाग फुलली आणि जहाजं मंदावली. आरमाराने ते तुकडे काढून टाकायला लावले.

चेसापीककर

याचा धागाकर्त्याच्या बोटीशी थेट संबंध आहे. अँटिफाउलिंग रंगात तांबं असतं. बोटीच्या फायबरच्या तळाला तो चालतो, ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हला नाही. तळाचा रंगसुद्धा ड्राइव्हच्या जोडापासून दोन बोटं अलीकडेच थांबवायचा. @करलीकाठचा, तुमच्या मेकॅनिकने काळा स्प्रे मारला तो कोणता? आणि पंखा कसला आहे?

करलीकाठचा

स्प्रे साधा होता, डबा अजून पडवीत आहे, वाचून बघितलं. तांबं नाही.

पंखा आधी ॲल्युमिनियमचा होता, गेल्या दिवाळीला स्टेनलेसचा घातला. देवबागच्या संगमाशी वाळूचे दांडे सरकतात, दर महिन्याला पाती वाकायची.

निवृत्त_रसायन

म्हणजे ॲनोड रंगवला त्याच दिवाळीला ड्राइव्हच्या शेजारी एक मोठा स्टेनलेसचा पत्रा आणून बसवला. भूक वाढवली आणि ताट झाकून ठेवलं.

टवाळ_तुक्या

सासुरवास म्हणतात याला.

वायरमन_विजू

सगळे रसायनात रमलात. माझा संशय वेगळा. बिल्ज पंपाची, म्हणजे तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, वायर बघा. बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यात 12 व्होल्टच्या वायरचा उघडा जोड पडलेला असतो. तिथून गळणारा करंट इंजिन-ड्राइव्हमार्गे समुद्रात जातो, आणि ड्राइव्हच त्या बॅटरीचा ॲनोड होतो. गॅल्व्हॅनिक प्रकार महिने घेतो, हा प्रकार काही दिवसांत चाळण करतो. मी एका बोटीचा पाय पंधरा दिवसांत पोखरलेला पाहिला आहे, गरम भाकरीच्या पापुद्र्यासारखा बोटाने उचकटत होता.

करलीकाठचा

विजूभाऊ, घाबरवलंत. उद्याच बघतो. पण मोजायचं कशाने? तो सिल्व्हर क्लोराइडवाला इलेक्ट्रोड मालवणात कुठे मिळणार?

प्लॅटफॉर्मवाला

नसू दे. जस्ताचा एक स्वच्छ तुकडा घ्या, नवा ॲनोड असेल तर उत्तमच. त्याला वायर बांधून ड्राइव्हपासून हातभर अंतरावर पाण्यात सोडा. बोटीच्या कुठल्याही धातूला तो टेकता कामा नये. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक त्या वायरला, दुसरं इंजिन ब्लॉकला. खाऱ्या पाण्यात जस्ताचा व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर असतो, म्हणून तोच संदर्भ. फरक 100 मिलिव्होल्टच्या आत आला तर ड्राइव्ह सुरक्षित. 250-300 आला तर ड्राइव्ह एकटाच लढतो आहे. विजू म्हणतो ते तपासायला बॅटरीचा मेन स्विच बंद करून आणि चालू करून दोन्ही वेळा मोजा. आकडा उडी मारतो का बघा.

शिवाय ओहम रेंजवर प्रत्येक ॲनोड ते इंजिन ब्लॉक असा रोध मोजा. एक ओहमच्या खाली हवा.

करलीकाठचा

मोजलं. मेव्हणा पाण्यात छातीएवढा उभा, मी वर मीटर धरून, आणि काठावर चार पर्यटक आम्ही मासे पकडतोय समजून बघत होते.

जस्त ते ब्लॉक फरक: 285 मिलिव्होल्ट. मेन स्विच बंद असो वा चालू, 285 च. म्हणजे विजूभाऊंचा भूत-संशय नाही, नशीब. (तरी पंपाचा एक जोड इन्सुलेशन टेप सुटून पाण्यात लोंबत होताच. तो वर उचलून बांधला.)

पट्टीचा रोध 0.4 ओहम. म्हणजे जोड उत्तम, फक्त वरून रंगाचं चिलखत.

टॅबचा रोध पण 0.5. रंग नाही, जोड नीट. मग हा का काम करत नाही? आता मी खरंच चक्रावलोय.

दांडेश्वर

बोट उभी करून ठेवतास तेव्हा ड्राइव्ह खाली असता की वर?

करलीकाठचा

वर. पूर्ण उचलून. शिंपले बसू नयेत म्हणून. इथे सगळे आउटबोर्डवाले असंच करतात.

दांडेश्वर

गावलो!

चेसापीककर

दांडेश्वर, टोपी काढली तुमच्यापुढे. हे मला सुचायला हवं होतं.

आउटबोर्ड उचलला की पूर्ण पाण्याबाहेर येतो, कोरडा धातू गंजत नाही. स्टर्नड्राइव्ह तसा उचलला जात नाही. खालचा पंखा आणि टॅब हवेत येतात, पण वरचा भाग, बेलो, फळीजवळचा गिंबल (ड्राइव्ह ज्यावर वळतो तो सांधा), सगळं पाण्यातच राहतं. तुमचे खड्डे नेमके तिथेच आहेत ना? बोट दिवसातून दोन-तीन तास चालते आणि 21 तास उभी असते. त्या 21 तासांत टॅब वाळत पडलेला, आणि जो एकटा पाण्यात होता त्या पट्टीला काळा रंग.

निवृत्त_रसायन

दोन अटी सांगितल्या होत्या. एकाच बोटीत दोन ॲनोडनी दोन वेगवेगळ्या प्रकारे नापास व्हावं, हे मात्र प्रथमच पाहतो. बाकी स्टेनलेसचा पंखा पण उचललेला असतो तेव्हा हवेत, म्हणून 22 वर भागलं.

मेधा_प

मग आता ड्राइव्ह खाली ठेवला तर शिंपले बसणार. वर ठेवला तर खड्डे. डेव्हीसाहेबांचंच कोडं!

चेसापीककर

अगदी. शिंपले खरवडता येतात, खड्डे नाही. ड्राइव्ह खाली ठेवा, आणि त्याला तांबं नसलेला अँटिफाउलिंग लावा, ॲल्युमिनियमसाठीचा वेगळा मिळतो. बेलोवर आणि ॲनोडवर नाही! ड्राइव्ह खाली असला की रबरी बेलोसुद्धा दुमडून राहत नाही, तो फायदा वेगळाच. काही कंपन्यांच्या ड्राइव्हना बॅटरीवर चालणारी यंत्रणाही बसवता येते. एक इलेक्ट्रोड व्होल्टेज मोजतो, दुसरा लागेल तेवढाच करंट सोडतो. पण बॅटरी उतरली की राखणदार झोपला, म्हणून तिच्यासोबतही साधे ॲनोड लागतातच.

बंदरावरचा_बाळू

काजूच्या तेलाचा विचार करा.

करलीकाठचा

*(साधारण दोन महिन्यांनी)*

धागा वर आणतोय, अहवाल देणं लागतो.

तुमच्या सल्ल्याने दोन्ही ॲनोड ॲल्युमिनियमचे मागवले. बसवायच्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातूपर्यंत घासल्या. ड्राइव्ह खाली ठेवतो. दुसऱ्या दिवशी जस्ताचा तुकडा सोडून मोजलं तर फरक 140, आठवड्याने 60 मिलिव्होल्ट. शिंपले बसतात, दर पंधरवड्याला मेव्हणा प्लास्टिकचा उलथना घेऊन पाण्यात उतरतो आणि तुमच्या सगळ्यांच्या नावाने मालवणीत काहीतरी बोलतो.

बसवण्याआधी टॅबचं वजन करून ठेवलं होतं. मासे विकणाऱ्या काकींच्या डिजिटल काट्यावर, 260 ग्रॅम. काकींनी विचारलं, ‘ह्यो खंयचो मासो?’ काल सहा आठवडे पुरे झाले, काढून पुन्हा नेला. 241. अंगावर बारीक खळगे पडलेत, कडा बोथट झाल्यात, कुरतडल्यासारखा दिसतो.

प्लॅटफॉर्मवाला

वा! 19 ग्रॅम म्हणजे साधारण 47 अँपिअर-तास. सहा आठवड्यांचे हजारेक तास धरले तर सरासरी 47 मिलिअँपिअर. तेवढा करंट टॅब गुपचूप ड्राइव्हला देतो आहे. निम्मा झाला की, म्हणजे 130 ग्रॅमवर बदला. या चालीने हा सीझन सहज निघेल.

टवाळ_तुक्या

अभिनंदन करलीकाठचे, ॲनोड अखेर खराब झाला!

करलीकाठचा

धन्यवाद. जुना काळा पट्टा परवा तारेच्या ब्रशने घासून बघितला. आत अख्खाच्या अख्खा जस्त, एक ग्रॅम हललेला नाही. मेव्हणा म्हणतो आउटबोर्डवाल्या शेजाऱ्याला विकू. मी म्हटलं, आधी त्याला सांग रंग लावू नको म्हणून.